तीस कुप्या

"संपला तो, बाई. आता हातमोजे काढा आणि चला वर," डॉक्टर दारातूनच म्हणाले.

औषधं तयार करायच्या खोलीत ती एकटीच होती. पुढच्या महिन्याच्या तीस कुप्यांवर आकडे चिकटवणं चाललं होतं. सतरापर्यंत झालं होतं. दवाखान्यात तिच्या मागे सगळे तिला थेंबबाई म्हणत, कारण मापात तिला एका थेंबाचाही फरक खपत नसे.

डॉक्टरांनी मेंदूचं चित्र तिच्यासमोर दिव्यावर धरलं. अकरा महिन्यांपूर्वी त्यातला कोष वाटाण्याएवढा होता. आता मोहरीएवढा दिसत होता. मेंदू तिच्या मुलीचा होता.

मुलगी आकाशातून पडलेल्या दगडांचा अभ्यास करायची. अशाच एका दगडाच्या भेगेतून तो परजीवी तिच्यात शिरला. आठवड्यात तो तिची भाषा शिकला, महिन्याभरात तिच्याच तोंडून डॉक्टरांना गणितं घालू लागला. मुलगी आत कुठेतरी असायची, पण हात त्याचे, जीभ त्याची. त्याला मारणारं औषध सापडलं. काचेच्या बशीत ते लागूही पडलं. पण सुई घेऊन कोणी आलं, की आणणाऱ्याचा नुसता चेहरा बघून तो ओळखायचा आणि आधीच कोषात जाऊन बसायचा. कोषात औषध पोचत नाही. औषधाचा जोर ओसरला, की स्वारी पुन्हा बाहेर. "आज तुमच्या भुवयांनीच चुगली केली, डॉक्टर," असं तो एकदा मुलीच्या आवाजात म्हणाला होता.

मग डॉक्टरांनी औषधांच्या चाचणीतला जुनाच नियम लावला. रोज सकाळी एक कुपी. काहींत औषध, काहींत नुसतं मीठपाणी. कुठल्या आकड्यात काय, हे फक्त बनवणाऱ्याला ठाऊक; टोचणाऱ्या नर्सला नाही, डॉक्टरांनाही नाही. आणि बनवणाऱ्यानं रुग्णासमोर जायचं नाही. ते औषध बनवता येईल अशी दवाखान्यात एकच व्यक्ती होती. तिनं कागद दोनदा वाचला आणि सही केली.

खरी कुपी कोणत्या दिवशी येईल, ते त्याला कळेना. तो कोषातच राहिला. तिथून त्याला मुलीच्या डोळ्यांनी बघता येत होतं, कानांनी ऐकता येत होतं, पण तिला हलवता येत नव्हतं. मुलगी स्वतःचं बोलू लागली, स्वतःच्या हातानं जेवू लागली.

"उद्यापासून सुया बंद," डॉक्टर म्हणाले. "तिच्या दंडावर टोचायला जागा उरलेली नाही. परवा घरी सोडतोय. तुमचा नियमही संपला, बाई. दोन मजले चढायचे फक्त. सकाळी तिनं निरोप दिलाय. म्हणते, मी शाळेत नापास झाले तेव्हासुद्धा आई इतके दिवस रुसली नव्हती."

थेंबबाई हसली. अठराव्या कुपीवरचा आकडा तिरका बसला. तिनं तो सोडवला आणि पुन्हा सरळ चिकटवला.

"सुया बंद करू नका."

"का?"

"मी सांगते म्हणून."

"तुम्ही सांगता म्हणून पोरीची चाळणी करू?" डॉक्टर शांतपणेच बोलले. "गेले अकरा महिने मी रोज तिच्यासमोर बसतोय. तो हुशार होता, कबूल. आपण जास्त हुशार निघालो. हा बघा कागद. सही झाली आहे."

तिनं कागद बघितला. सही खरंच झाली होती. ती उठली, दार लावून आली आणि डॉक्टरांकडे खुर्ची सरकवली.

"औषध दुसऱ्याच महिन्यात संपलं, डॉक्टर. पुन्हा केलं ते बशीतसुद्धा त्याला मारत नाही. चौदा वेळा करून बघितलं. गेले नऊ महिने तीसच्या तीस कुप्यांत मीठपाणी आहे."

डॉक्टर बसले. समोरची एक कुपी उचलून त्यांनी दिव्यासमोर धरली.

"मग हा कोष बारीक कसा झाला?"

"उपासानं. आखडलाय, मेला नाही."

"आणि बाहेर का नाही आला?"

"हुशार आहे म्हणून." ती सहज बोलत होती, एखादं माप समजावून सांगावं तशी. "मूर्ख असता तर केव्हाच बाहेर येऊन जिंकला असता. हा रोज गणित मांडतो. सगळं पाणीच असेल, हेही त्याच्या मनात आलं असणार. पण तिसांतली एक जरी खरी निघाली तरी तो मरतो, आणि मरायची त्याची तयारी नाही. जोवर रोज सुई येते आणि आणणाऱ्याच्या चेहऱ्यावर काही नसतं, तोवर तो जागचा हलणार नाही. पन्नास वर्षं नाही हलणार. माझ्यानंतर कुप्या कोण भरणार, तेही मी ठरवून ठेवलंय."

"आणि तिनं काय जन्मभर इथेच राहायचं?"

"छे. परवा खुशाल घरी सोडा. फक्त रोज सकाळी नर्स पाठवत जा. मी माझे कपडे बहिणीकडे नेऊन ठेवलेत."

डॉक्टरांनी सही केलेला कागद फाडला. कोऱ्या कागदावर त्यांनी नवा मजकूर लिहिला: रोज एक कुपी, पुढील सूचनेपर्यंत. मग त्यांनी उठून दाराची कडी काढली.

"मीच वर जाऊन सांगतो तिला. माझं ऐकते ती."

"तुम्ही नाही, डॉक्टर," थेंबबाई म्हणाली. "कागद नर्सकडे द्या. आता तुम्हालाही तिच्यासमोर जाता येणार नाही."