दारातून दिसणारी जागा

माग चालवून चालवून ह्यांची छाती सुताच्या धुळीनं भरली. औषधं थकली तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता मोकळ्या हवेत न्या. म्हणून एमआयडीसीजवळची खोली सोडून आम्ही सांगोल्याकडं, आत्याबाईंच्या माळावरच्या घरात राहायला आलो.

रविवारी लेकीला घेऊन आम्ही तिघं माळ हिंडायला निघालो. सिद्धेश्वरीला सापाची कात सापडली, होल्याचं घरटं दिसलं. हे मात्र जागोजागी मांडी घालून बसत होते.

“दमला व्हय अप्पा? म्हातारे झाला की.”

“दमलो न्हाय गं. घराच्या दारात पळ, अन् तितनं मी दिसतोय का सांग.”

तिला तो लपंडावच वाटला. कधी बाभळ आड यायची, कधी बांध. शेवटी हे हिवराच्या झाडाखाली बसले आणि ती दारातून ओरडली, “आता दिसताय की, अप्पा.”

ह्यांनी काठी टोचून पाहिली. मुरूम नव्हता, माती मऊ होती.

“हीच जागा,” हे मला हळूच म्हणाले. “शाळेला जाताना रोज हात करंल ती.”

मी त्यांच्या पँटला लागलेली माती झटकत राहिले. आमच्यात माणसाला जाळत नाहीत, मांडी घालून मातीत बसवतात.