चाळीचा पत्ता
नायगावची चाळ पाडायला घेतली तसं अप्पांनी पखवाजाचं दुकान परळला हलवलं, पण दुकानाची जुनी वेबसाइट ते काही सोडेनात. ती मुलाने बनवलेली. चार वर्षांपूर्वी भांडून दुबईला निघताना तो ‘येतो’ म्हणाला नाही, ‘जातो’ म्हणाला. अप्पांनीही मान वर केली नव्हती. “जुन्या साइटवर चाळीचाच पत्ता आहे, अप्पा,” मुलगी अक्षदा म्हणाली. “हे बटण दाबलं की ती उघडायला गेलं तरी कायम आपली नवी साइटच उघडेल.” “आणि त्याने केलेलं पान?” “ते पुन्हा दिसणार नाही.” दुबईतून कुणीतरी ते पान रोज उघडतं, हे साइटच्या नोंदींवरून दोघांनाही ठाऊक होतं. काही चुकून नवी साइट उघडलीच नाही तर तेवढाही धागा तुटणार होता. अक्षदाचं बोट बटणावर थबकलं. “थांब,” पखवाजाची वादी ओढून धरत अप्पा म्हणाले. “नव्या पत्त्याच्या वर एक शब्द घाल.” “कुठला?” “तेव्हा माझ्या तोंडून निघाला नाही तो. ‘ये.’”