दोनदा डिपर

सोनवळ घाटात संपकरी ड्रायव्हरांनी सकाळीच रस्त्यावर झाड आडवं टाकलं. बिनड्रायव्हरची एकही बस वर जाता कामा नये, असं संघटनेच्या सर्जेराव खोताने सगळ्यांना बजावलं होतं.

पहिली बस आली, झाडापाशी थांबली आणि मुकाट्याने मागे वळली. उतरताना समोरून चढणाऱ्या बसला तिने दोनदा डिपर मारला. ती दुसरी बस फाट्यावरूनच जुन्या रस्त्याला लागली. मागच्याही तशाच वळल्या.

"ही आपली खूण आहे," मारुती गुरव दात खात म्हणाला. "पुढे रस्ता अडलाय किंवा पोलीस आहेत, हे आपण एकमेकांना असंच सांगत आलो. ह्या डबड्यांना कुणी शिकवली?"

सगळे सर्जेरावाकडे बघू लागले. डेपोने यंत्राला शिकवायला त्यालाच निवडलं होतं. दोन वर्षं तो गाडी चालवत होता आणि यंत्र बघत होतं.

"मी कशाला शिकवू?" तो खेकसला. "हात आपोआप जातो. समोरून आपला माणूस येतोय म्हटल्यावर त्याला सांगायला नको?"

दगड उचलून तो तरातरा फाट्याकडे उतरला. खालून आणखी एक बस येत होती. त्याला पाहून तिने दोनदा डिपर मारला. सर्जेरावाने शिवी हासडून दगड भिरकावला. एक दिवा खळ्‌कन फुटला. बस थांबली आणि उरलेल्या दिव्याने तिने पुन्हा दोनदा डिपर मारला.

तिच्या मागच्या वळणावर पोलिसांची गाडी दिसली.