अंगणातलं झाड

चेतना गेल्यावर तिच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशीच बातमी आली, की अंदमानातल्या एका बेटावरच्या दुर्मिळ वाणाचं शेवटचं झाडही वादळात पडलं. जनुकं तपासून बेटांवरची झाडं कुठून कुठे पसरली ते शोधणं, हेच तिचं नवा रायपुरच्या प्रयोगशाळेतलं काम होतं. पोर्ट ब्लेअरहून आणलेलं तशाच झाडाचं एक रोप तिनं बीरगावच्या घरी अंगणात लावून वाढवलं होतं, पण ते कोणत्या बेटाचं, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

विहारात बुद्धवंदना आटोपल्यावर तिची विद्यार्थिनी रुचिता तिच्या वडिलांजवळ, गुलाबरावांजवळ आली.

"काका, मॅडमनी अंगणातल्या झाडाची पानं तपासायला दिली होती न, रिझल्ट आला. ते त्याच बेटाचं निघालं! आता दुनियेत तेवढंच एक उरलं. त्याच्या फांद्यांपासून रोपं करून बेटावर परत लावता येतील. चला न घरी, दाखवा मले."

गुलाबराव जागचे उठले नाहीत.



"तिच्या हातचं झाड तिच्यासंगच जाऊ दे म्हटलं, पोरी. मुळासकट काढून सरणात रचलं. ओलं होतं, लवकर पेटतही नव्हतं."

बेटावर झाड लावायचं राहिलं.