वीसपैकी अठरा

"आई, तू दप्तरात माझ्या वहीऐवजी तुझी वही भरलीस," तेजल दारातूनच म्हणाली.

शोभना हातातलं काम टाकून दाराशी आली. लेकीच्या पुस्तकातले इंग्रजीचे स्वाध्याय ती रोज दुपारी तसल्याच खाकी कव्हराच्या वहीत सोडवायची. बाहेरून दहावीला बसायचं होतं, पण फॉर्म भरायचा धीर होत नव्हता.

"बाई रागावल्या?"

"छे. पूर्णविरामसुद्धा जागच्या जागी बघून म्हणाल्या, एकदम एवढी सुधारलीस कशी? मग मी सगळं सांगून टाकलं, तुझ्या दहावीचंसुद्धा."

वहीत वीसपैकी अठरा गुण होते. खाली बाईंनी लिहिलं होतं, 'तेजलच्या आई, फॉर्मची मुदत शनिवारपर्यंत आहे. मी सोबत येते.'

शोभनाने घाईघाईने ट्रंक पुढे ओढली. "माझा शाळेचा दाखला शोध बघू यात. नको, थांब. आधी ते चुकलेले दोन दाखव."