मागच्या अंगणातले ठिपके

"तुमच्या गाठीत सापडलेला प्रदूषणाचा कण न् कण कुठल्या जागी श्वासात गेला, ते आता दिसेल," असं म्हणत डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर गावाचा नकाशा उघडला.

रंजनाबाईंच्या डोक्याची पट्टी अजून निघाली नव्हती. मेंदूतली गाठ काढली होती, कारणाचं त्यांना आता फारसं काही वाटत नव्हतं. घरी जाऊन पडावं, एवढंच. शेजारी त्यांचे यजमान दिवाकरराव खुर्चीच्या टोकावर बसले होते. त्यांचा जन्म कोळशाच्या वीजकेंद्रात राख उपसण्यात गेलेला.

"चौकातलाच धूर असणार," ते म्हणाले.

पण चौक नकाशावर कोराच राहिला. लाल ठिपके सगळे एकाच जागी दाटले, त्यांच्या घराच्या मागच्या अंगणात.

"तिथे काय करायचात तुम्ही?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

रंजनाबाईंना लगेच कळलं. रोज संध्याकाळी यांचे राखेने माखलेले कपडे बादलीत भिजवण्याआधी त्या तिथेच उभ्या राहून झटकायच्या.

"घरात कुठून येणार हे कण?" दिवाकररावांचा आवाज कापला. "मी तर कामावर एक दिवस मास्क काढला नाही."

खरं सांगायचं, मग यांचं रडणं आवरायचं, एवढं बळ रंजनाबाईंत उरलं नव्हतं.

"चूल होती तिथे," त्या म्हणाल्या. "अंघोळीचं पाणी तापवायची."

दिवाकरराव खुर्चीत मागे टेकले. "किती वेळा सांगितलं होतं, गॅसवर तापव म्हणून!"

"हो ना," त्या म्हणाल्या. "ऐकायला हवं होतं तुमचं."