तुमचा गट कोणता?

“काका, तुमचा गट कोणता?”

विमानाच्या दारावर बसलेल्या मुलीनं विचारलं आणि जोतीरामतात्यांनी आधी डावीकडं पाहिलं, मग उजवीकडं. रांगेत एकजण फोनवर ओरडत होता, “व्हय, उसाला तोड आलीया, ट्रॅक्टर पाठीव!” म्हणजे तालुक्यातलाच. तात्यांनी टोपी सारखी केली.

“आमी सगळ्यांचेच,” ते हसून म्हणाले.

सणसरमध्ये या उत्तरावर त्यांची आख्खी हयात निघाली होती. गावात गट दोन. वरच्या आळीचा गट तात्यांच्या भावकीचा. खालच्या आळीचा त्यांच्या मेव्हण्याचा, सावळारामचा. बायकोचं, भागूबाईंचं, माहेर गावातच. दोन्हीकडच्या पंगतीत तात्या जेवत, दोन्हीकडचा गुलाल लावून घेत आणि मत कुणाला दिलं हे बायकोलाही सांगत नसत. त्यामुळं घरात शांतता होती.

“असं नसतं काका,” मुलगी म्हणाली. “प्रत्येकाचा एक गट असतोच.”

हे त्यांना पन्नास वर्षं दोन्हीकडचे लोक सांगत आले होते. विमानवाल्यांपर्यंत प्रकरण गेलं असेल असं मात्र वाटलं नव्हतं.

“तुमच्या कागदावर असेल बघा.”

“आमच्याकडं असल्या गोष्टी कागदावर नसत्यात,” तात्या म्हणाले आणि पास ठेवलेल्या खिशावर त्यांनी हात दाबून धरला.

“मग जरा बाजूला थांबा.”

ते थांबले. मागं भागूबाई पुठ्ठ्याचा खोका छातीशी धरून उभ्या होत्या. खोक्यात जुन्या लुगड्याच्या घड्या आणि घड्यांच्या मधे मधे कुरडया. तीन दिवस गहू भिजवून, चीक घोटून, स्वतः सोऱ्या दाबून घातलेल्या. बेंगळुरूला लेक स्वप्नाली सातव्या महिन्यात होती आणि तिला डोहाळे लागले होते ते अख्ख्या कुरडईचे. “चुरा नको गं आई, चुरा इथं दुकानात पण मिळतो.” जावई दीपकनं फोनवर बजावलं होतं, की लवकर आत शिरा. डोक्यावरचे कप्पे भरले, की उशिरा आलेल्यांचं सामान काढून घेतात आणि विमानाच्या पोटात टाकतात. पोटात काय होतं ते त्यानं सांगितलं नव्हतं. भागूबाईंना सांगायची गरजही नव्हती. त्यांनी उसाच्या ट्रॉलीत माठ ठेवून बघितला होता.

एक गट आत गेला. त्याच्यामागं दुसरा. एकाएकाच्या हातात दोन दोन बॅगा. प्रत्येक बॅग दारातून आत गेली, की भागूबाईंना एक कुरडई मोडल्याचा आवाज येई.

“आवो, सांगा की एकदाचं!”

“हितं? लोकांत?”

“तिच्या कानात सांगा. मी काय ऐकत न्हाय.” आणि त्यांनी खोका हनुवटीखाली दाबून दोन्ही कानांवर पदर ओढला.

तात्या पुढं झाले. घसा खाकरला. पन्नास वर्षांत जे जिभेवर आलं नव्हतं, ते एका परक्या पोरीच्या कानात त्यांनी सोडलं.

“खालच्या आळीचा.”

मुलीनं त्यांच्या खिशातून डोकावणारा पास हळूच ओढला.

“काका, तुमचा गट पाच.”

“पाच?” तात्या दचकले. “सकाळी गावातनं निघालो तवा दोनच हुते.”

मुलीनं तोंडावर हात धरला. तिच्या छातीवरच्या पट्टीवर राजलक्ष्मी असं नाव होतं. हसू ओसरल्यावर ती पुढं वाकून म्हणाली, “मी वालचंदनगरची आहे, काका. माझ्या आजोबांनी पण शेवटपर्यंत सांगितलं नाही.” मग नोकरीच्या आवाजात, “हा गट विमानात शिरायचा असतो. ज्यांनी पुढच्या जागेचे जादा पैसे भरलेत ते आधी, बाकीचे मागून. पण वयस्कर माणसांना मदत लागत असेल तर आम्ही सगळ्यांच्या अगोदर सोडतो. नुसतं मागायचं.”

“नुसतं मागायचं?”

“नुसतं मागायचं. चला, अजून तीन गट बाकी आहेत.”

तात्यांना आपल्या पन्नास वर्षांची किंमत एका वाक्यात कळली. पण आता बोलून उपयोग नव्हता. तिसरा गट रांगेत तिष्ठत असताना दोघं थेट आत गेले. एकविसाव्या रांगेवरचा कप्पा रिकामा होता. खोका आडवा न होता बसला. हवाईसुंदरीनं त्यावर कुणाची बॅग येणार नाही असा शब्दही दिला.

पट्टे बांधून झाले. भागूबाई गप्प होत्या. त्या गप्प आहेत म्हणजे ऐकलंय, हे तात्यांना कळलं.

“खालच्या आळीला देता व्हय तुमी मत?”

“तुझ्या भावाचा गट हाय. म्हनलं, तुझं मन राखावं.”

“कवापासनं?”

“लगीन झाल्यापासनं.”

भागूबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

“आन मी वरच्या आळीला देते. तुमची भावकी म्हनून.”

विमान हळूहळू मागं सरकायला लागलं. तात्यांनी मनातल्या मनात आजवरच्या सगळ्या निवडणुका मोजल्या आणि दोघांनी मिळून किती वेळा उन्हात रांग लावली ते आठवून त्यांना हसू फुटलं. मग मधेच ते थांबले.

“मागल्या खेपेला सावळाराम एका मतानं पडला गं. गावभर इचारत फिरला, आपलं मानूस कोन फुटलं म्हनून.”

भागूबाईंनी खिडकीकडं तोंड फिरवलं.

“ठावं हाय. माझ्याच हातचा च्या पीत इचारत हुता.”